आधी उतरवून घ्या, मग घासा

"काका, एकदम चकचकीत करून आणलीय," असं म्हणत त्यानं पिशवीतून सीडी काढली आणि माझ्या पोटात गोळा आला. त्याच्या ताईच्या लग्नाची सीडी, २००४ सालची, तीन सीड्यांच्या संचातली दुसरी. मध्येच अडकत होती म्हणून यानं मोबाइलवर कुठलासा व्हिडिओ बघितला, टूथपेस्ट घेतली आणि पितळी निरांजन घासावं तशी ती गोल गोल घासली. आता सीडी अडकत नव्हती, कारण आता ती लागतच नव्हती.

सांगलीत माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. एके काळी आम्ही दिवसाला पन्नास-पन्नास सीड्या मारून द्यायचो. आता नवी सीडी कोणी मागत नाही, पण जुनी घेऊन महिन्यातून चार-सहा जण तरी येतात. लग्न, मुंज, शाळेचं गॅदरिंग, आजोबांच्या पंच्याहत्तरीचा कार्यक्रम, कुणाचा एमआरआय. त्यातल्या निम्म्या सीड्या चऱ्यांनी गेलेल्या नसतात, चऱ्यांवर केलेल्या उपचारांनी गेलेल्या असतात. म्हणून हे लिहायला बसलो. सांगायचंय ते एवढंच, की सीडी खराब वाटली तर पहिलं काम ती दुरुस्त करण्याचं नाही, आत जे आहे ते उतरवून घेण्याचं आहे. घासणं सगळ्यात शेवटी, तेही लागलंच तर.

आधी एक गैरसमज काढून टाकू. आपण सीडीची आरशासारखी बाजू जिवापाड जपतो आणि चित्राची बाजू टेबलावर आपटतो. खरं तर उलट हवं. सीडी म्हणजे १.२ मिलिमीटर जाडीची पॉलिकार्बोनेटची, म्हणजे पारदर्शक प्लास्टिकची चकती. तिच्या वरच्या अंगाला, म्हणजे नावाच्या बाजूला, ॲल्युमिनियमसारख्या धातूचा पातळ थर असतो आणि त्यावर केसाहूनही पातळ लॅकर. माहिती त्या धातूला चिकटून असते. म्हणजे चकचकीत बाजूनं तिला सव्वा मिलिमीटरभर प्लास्टिकचं कवच आहे, आणि नावाच्या बाजूनं जवळजवळ काहीच नाही. खालून चरा पडला तर काच ओरखडली एवढंच समजा. वरून बॉलपेननं दाबून 'मुंज, भाग २' लिहिलं तर थेट आतल्या मजकुरावर घाव बसतो, आणि तो बुजवायला जगात कुठलं मलम नाही.

परीक्षा सोपी आहे. सीडी ट्यूबलाइटसमोर धरा आणि आरपार बघा. सुईच्या टोकासारखे प्रकाशाचे ठिपके दिसले, तर तिथला धातूचा थर उडालाय. तेवढा भाग गेला. ठिपके नसतील आणि नुसते खालून चरे असतील, तर आशा भरपूर आहे, घाबरू नका.

डीव्हीडीची रचना वेगळी. तिथे ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्या एकमेकींना चिकटवलेल्या असतात आणि माहिती मध्ये, सँडविचमधल्या चटणीसारखी. त्यामुळे नावाच्या बाजूचे ओरखडे डीव्हीडीला सीडीइतके बाधत नाहीत. ब्लू-रेमध्ये माहिती खालच्या पृष्ठभागापासून जेमतेम ०.१ मिलिमीटरवर असते, वर एक कडक लेप असतो. तिला घासायच्या भानगडीत पडूच नका.

आता तो गोल गोल घासण्याचा प्रश्न. सीडीवरची माहिती एका लांबलचक सर्पिल रेषेत लिहिलेली असते. मधल्या भोकाजवळून सुरू होऊन कडेकडे जाणारी ही रेषा उलगडली तर पाच किलोमीटरहून लांब भरेल. चरा मधून बाहेर, त्रिज्येच्या दिशेनं गेला तर तो प्रत्येक वेढ्याला फक्त आडवा छेदतो. थोडंसं जातं, पुन्हा सुरळीत. पण चरा रेषेच्याच दिशेनं, गोलाकार गेला, तर सलग मजकूर पुसला जातो. म्हणून कुठलीही सीडी पुसायची ती मधून कडेकडे, सरळ. आपल्या हाताला गोल पुसायची सवय असते, ती इथे मोडायला हवी.

थोडंसं गेलं तरी चालतं ते कसं, हेही सांगतो, कारण त्यात मला आजही गंमत वाटते. फिलिप्स आणि सोनी या कंपन्यांनी १९८२ मध्ये सीडी बाजारात आणली, तेव्हा त्यांना ठाऊक होतं की लोक तिच्यावर चहाचे कप ठेवणार. म्हणून त्यांनी मजकूर सलग लिहिलाच नाही. लग्नाच्या पंगतीत एका घरची माणसं शेजारी शेजारी न बसवता मांडवभर विखरून बसवली, तर एखादी रांगच्या रांग उठून गेली तरी प्रत्येक घरातलं एखादंच माणूस कमी भरतं, आणि राहिलेले सांगू शकतात कोण गेलं ते. अगदी तसं. जोडीला हिशेब जुळवायला जादा आकडे लिहून ठेवलेले. त्यामुळे रेषेवरचा सुमारे अडीच मिलिमीटरचा सलग तुकडा गेला तरी सीडी प्लेअर तो बिनचूक भरून काढतो. शिवाय लेझरचा झोत तुमच्या चऱ्यावर नव्हे, आतल्या थरावर एकवटलेला असतो. खिडकीच्या जाळीतून लांबचा डोंगर बघताना जाळी दिसेनाशी होते, तसे लहानसहान चरे त्याला दिसतच नाहीत. म्हणजे चरे दिसतात म्हणून सीडी खराब, असं नाही. सीडी नीट लागते ना? मग चऱ्यांना हात लावू नका. आजच तिची नक्कल काढा.

लागत नसेल तर क्रम असा ठेवा.

पहिल्यांदा धुवा. हसू नका, माझ्याकडे आलेल्या कितीतरी सीड्यांवर नुसते बोटांचे ठसे, धूळ नाहीतर खोबरेल तेल होतं. (तेलानं चरे भरतात असं कुणीतरी पसरवलंय. ते तेल फिरत्या सीडीवरून उडून ड्राइव्हच्या भिंगावर बसतं आणि मग दोन्ही जातात. केळ्याची साल आणि फ्रीजर हेही त्याच जातीचे.) नळाचं स्वच्छ पाणी, भांड्याच्या साबणाचा एखादा थेंब, बोटाच्या पेरानं हलक्या हातानं मधून कडेकडे. मग चष्म्याच्या मऊ फडक्यानं टिपायचं. हट्टी डाग असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल चालतं. पेट्रोल, थिनर, नेलपॉलिश काढायचं पाणी यांच्या वाटेला जाऊ नका, त्यांनी पॉलिकार्बोनेट पांढरं पडतं आणि त्याला बारीक तडे जातात.

नावाच्या बाजूला वधूवरांचा फोटो छापलेला कागदी स्टिकर असेल, कडा उचलल्या असतील, तरी ओढू नका. आपल्याकडच्या स्टुडिओवाल्यांना या स्टिकरची भारी हौस होती. ओढलात तर सीडीवरचा धातूचा थर त्याच्याबरोबर सोलून येतो. आणि मधल्या भोकापासून चीर गेलेली सीडी ड्राइव्हमध्ये घालूच नका. वेगवान ड्राइव्ह सीडीला मिनिटाला दहा हजारांच्या आसपास फेरे देतो. माझ्या दुकानात एकदा अशीच एक सीडी आतल्या आत फुटली. आवाज ऐकून शेजारचा चहावाला धावत आला, आणि ड्राइव्ह झटकला तर नुसता चुरा.

मग ड्राइव्ह बदलून बघा. हे सगळ्यात दुर्लक्षित आणि सगळ्यात गुणकारी औषध. एका ड्राइव्हला जी सीडी दिसतही नाही, ती दुसरा खाडखाड वाचतो. भिंग, लेझरची ताकद, वाचण्याची पद्धत, प्रत्येकाची वेगळी. माझ्याकडे पाच आहेत, त्यातला एक जुना, पिवळा पडलेला, भंगारातून काढलेला. तो सगळ्यांचा बाप आहे. तुमच्याकडे एवढे नसणार, पण नातेवाइकांत, शाळेत, ऑफिसात जुना कॉम्प्युटर सापडतो. नाहीतर यूएसबीला लावायचा बाहेरचा डीव्हीडी रायटर मिळतो. अजून मिळतो, हे महत्त्वाचं.

आणि अडकणारी सीडी टीव्हीखालच्या प्लेअरमध्ये पुन्हा पुन्हा लावून "आता बघू, आता बघू" करणं थांबवा. 'कॉपी-पेस्ट'ही नको. विंडोज एका खराब जागी अडखळला की 'सायक्लिक रिडंडन्सी चेक' असं काहीतरी म्हणून हात वर करतो आणि सगळी फाइलच सोडून देतो, पुढचं नव्वद टक्के चांगलं असलं तरी. यासाठी वेगळी साधनं आहेत. लिनक्सवर 'जीएनयू डीडीरेस्क्यू' नावाचं फुकट साधन आहे. ते आधी चांगला भाग भरभर वाचून घेतं, खराब जागा सोडून पुढे जातं, आणि मग मागे येऊन त्या जागांशी चिवटपणे झगडतं. काय वाचलं, काय राहिलं, याची नोंद ते एका 'मॅप फाइल'मध्ये ठेवतं. त्यामुळे रात्री थांबवून सकाळी पुढे सुरू करता येतं, किंवा तीच डीव्हीडी दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून फक्त राहिलेल्या जागा वाचता येतात.

याचा आपल्या लग्नांना एक झकास उपयोग आहे. स्टुडिओवाले बहुधा दोन संच द्यायचे, एक मुलाकडच्यांना, एक मुलीकडच्यांना. दोन्ही डीव्हीडी एकाच मूळ फाइलवरून मारलेल्या असतील, तर त्या अक्षरन् अक्षर सारख्या असतात, फक्त चरे वेगवेगळ्या ठिकाणी. डीडीरेस्क्यू पहिलीतून मिळेल तेवढं घेतं आणि खिंडारं दुसरीतून बुजवतं. तेव्हा सासरची डीव्हीडी गेली म्हणून हळहळण्याआधी माहेरी फोन करा.

तुमची सीडी 'व्हीसीडी' असेल, म्हणजे उघडल्यावर आत 'एमपीईजीएव्ही' नावाचा फोल्डर आणि त्यात 'डॅट' फाइल दिसत असेल, तर मामला जरा वेगळा. २००० नंतरच्या काही वर्षांत आपल्याकडची बहुतेक लग्नं याच प्रकारात भरलेली आहेत. साध्या डेटा सीडीवर चुका दुरुस्त करायला जो जादा तिसरा पदर असतो, तो व्हीसीडीत जास्त चित्र मावावं म्हणून काढून टाकलेला आहे. म्हणून चरे पडले की ती प्लेअरमध्ये ठोकळे-ठोकळे दाखवत का होईना चालते, पण कॉम्प्युटरवर कॉपी होत नाही. तिला डीडीरेस्क्यूही नीट दाद देत नाही. इथे विंडोजवरचं 'आयसोबस्टर' कामाला येतं. त्यातल्या काही सोयींना पैसे पडतात, पण ते व्हीसीडीची भाषा जाणतं आणि खराब जागा रिकामी सोडून बाकीचं काढून देतं.

हेच आयसोबस्टर आणखी एका ठिकाणी उपयोगी आहे. काही हँडीकॅमेऱ्यांत ८ सेंटिमीटरची छोटी डीव्हीडी असायची. चित्रण झाल्यावर ती कॅमेऱ्यातच 'फायनलाइझ' करावी लागे, आणि ते निम्म्या लोकांनी केलेलंच नाही. अशी डीव्हीडी कॉम्प्युटरला कोरी दिसते आणि तो विचारतो, फॉरमॅट करू का? नाही म्हणा. ती कोरी नाही, तिची फक्त अनुक्रमणिका लिहायची राहिलीय. मूळ कॅमेरा चालू असेल तर त्यातच फायनलाइझ करा, नाहीतर आयसोबस्टर वापरणाऱ्या जाणकाराकडे न्या. आणि ही छोटी चकती फटीतून आत ओढून घेणाऱ्या ड्राइव्हमध्ये सरकवू नका, तिथेच अडकते.

एवढं सगळं करूनही जागा राहिल्या, आणि त्या जागी खालच्या बाजूला चरा स्पष्ट दिसतोय, मग घासण्याची वेळ आली. आता हरकत नाही, कारण हाताला लागलं तेवढं हार्ड डिस्कवर पोचलंय. प्लास्टिकसाठीचं बारीक पॉलिश मिळालं तर उत्तम. नाहीच तर साधी पांढरी टूथपेस्ट, जेल नको, दाणेदार नको. मऊ फडकं, मधून कडेकडे, फक्त त्या चऱ्यावर. घासणं म्हणजे चरा भरणं नव्हे. आजूबाजूचं प्लास्टिक झिजवून चऱ्याच्या कडा बोथट करणं. म्हणून दर वेळी थोडंच, मग धुवून, पुसून, पुन्हा ड्राइव्हमध्ये. नख अडकेल इतका खोल चरा असेल तर घरी खटपट करू नका, पृष्ठभाग एकसारखा तासणारं यंत्र असलेल्याकडे जा. आणि डीव्हीडीला सीडीच्या निम्मंच प्लास्टिक आहे, हे लक्षात असू द्या.

आता पुराबद्दल, कारण आमच्या गावात ते टाळून पुढे जाता येत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचं पाणी गावभागात, मारुती चौकात शिरलं. पाणी उतरल्यावर लोक कपाटांतले अल्बम फेकत होते, आणि त्याच ढिगात सीड्यांची पाकिटंही. फोटोंचा लगदा झाला होता ते खरं, पण सीड्या बऱ्याचशा वाचण्यासारख्या होत्या. त्या पंधरवड्यात दुकानाच्या मागच्या मोरीत मी नुसत्या सीड्या विसळत होतो. तेव्हा शिकलो ते सांगतो. गाळ सीडीवर वाळू देऊ नका, आणि वाळलाच तर पुसू नका. गाळ म्हणजे बारीक वाळू, फडकं फिरवलंत की पॉलिश पेपर फिरवल्यासारखं होतं. स्वच्छ पाण्याच्या बादलीत भिजत घाला, गाळ आपोआप सुटू द्या, दोन-तीन पाणी बदला, मग भांड्यांच्या जाळीत उभ्या करून सावलीत वाळवा. उन्हात नाही. घरी मारलेल्या सीडीत माहिती सेंद्रिय रंगाच्या थरावर उमटवलेली असते, खालून हिरवट-निळसर झाक दिसते ती त्याचीच, आणि तो रंग उन्हानं उडतो. छापील कागद आतून चिकटला असेल तर भिजवूनच सोडवा. वाळल्यावर लगेच नक्कल काढा. ओल कडेनं आत शिरलेली असते आणि धातू हळूहळू गंजतो. त्या वेळी लागली म्हणून निवांत राहिलेल्यांच्या सीड्या पुढे दोन-तीन वर्षांत गेल्या.

नक्कल काढल्यावर ती बघा. पहिली दोन मिनिटं नव्हे, सगळी. मग दोन ठिकाणी ठेवा, आणि त्यातलं एक ठिकाण दुसऱ्या गावात असू द्या. सांगलीतल्या घरी हार्ड डिस्क आणि सांगलीतल्याच भावाकडे पेन ड्राइव्ह, याला मी दोन ठिकाणं म्हणत नाही, दोन्हीकडे कृष्णा एकाच दिवशी येते. फाइलला नाव द्या, 'न्यू फोल्डर २' नको. दवाखान्यातून मिळालेली एमआरआय किंवा सीटी स्कॅनची सीडी असेल तर तिच्यातले नुसते फोटो काढू नका, पूर्ण सीडी जशीच्या तशी उतरवा. डॉक्टरांना तुलनेला 'डायकॉम' फाइली लागतात. आणि मूळ सीडी फेकू नका. उभी, अंधाऱ्या कोरड्या जागी ठेवा. उद्या कुणाकडे याहून चांगला ड्राइव्ह निघेल.

सुरुवातीच्या त्या माणसाचं काय झालं? घासलेला पृष्ठभाग बारीक पॉलिशनं, सरळ रेषांत, तीन वेळा करून पुन्हा उजळला. चार ड्राइव्हनी नाही म्हटलं. पिवळ्यानं घेतली. पावणेतीन दिवस लागले. मंगलाष्टकं मिळाली, सप्तपदी मिळाली, शेवटची सहा-सात मिनिटं, कडेची, नीट आली नाहीत. "पंगत आहे ती," तो म्हणाला, "गेली तरी चालेल काका." संध्याकाळी त्याच्या ताईचा फोन. "आई कॅमेरा दिसला की आत पळायची. सगळ्या लग्नात ती फक्त पंगतीत आहे, जिलेबीचा आग्रह करताना. बघा ना अजून काही होतंय का." त्या रात्री मी ड्राइव्हचा वेग सगळ्यात कमी करून पुन्हा लावली. सकाळी अकरा सेकंद जास्त मिळाले होते. ठोकळे-ठोकळे, आवाज तुटक. त्यात पदर खोचलेली एक बाई ताट घेऊन वाकते, कुणीतरी पानावर हात आडवा धरतं, ती तरी वाढते.

ताईकडे त्याच सीडीची दुसरी प्रत होती का, असं मी विचारलं होतं. होती. सासरचं घर बदलताना रद्दीत गेली.

तर दिवाळीच्या साफसफाईत पाकिटं निघाली की बाजूला काढा. माझ्याकडे आणा किंवा तुमच्या गावातल्या कुणाकडे न्या, पण काहीही न लावता, न पुसता, एकेक वेगळ्या पाकिटात. एकावर एक रबरबँड लावून नकोत. दुकानदाराला आधीच बजावा, की नक्कल निघाल्याशिवाय पॉलिश करायचं नाही. आणि कुठली सीडी शेवटची कधी, कुठे लागली होती ते एका चिठ्ठीवर लिहून आणा. सीडीवर नको, चिठ्ठीवर.